शब्दपरिचय : हिंदीतील ‘खाली’

परप्रांती वास्तव्यास गेलेल्या मराठी माणसास तेथील अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच अधिक फसवितात. अनोळखी शब्दाचा अर्थ आपण विचारतो. ओळखीचा शब्द न विचारता स्वीकारतो. ‘खाली’ हा असाच एक शब्द आहे.

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या व्यवसायासाठी देशभर गेलेली कुटुंबे दिल्लीच्या करोल बागेतही आहेत. तेथे मुलाकडे नव्याने आलेल्या एका आजींना डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी ‘खाली पेट’ घेण्यास सांगितले. आजींनी ‘खाली’चा संबंध आपल्या ‘खाल्ली’शी जोडला आणि त्या कित्येक दिवस जेवणानंतरच गोळी घेत राहिल्या. अन्नाबरोबर ही गोळी शरीरात पुरेशी शोषली जात नाही. गोळ्या संपत आल्या, पण थकवा जाईना.

हिंदीतील ‘खाली’ हे मूळ अरबी विशेषण असून त्याचा अर्थ ‘रिकामा’ असा आहे. आपल्या ‘रिकामा, रिकामी, रिकामे’ यांप्रमाणे ते लिंगवचनानुसार बदलत नाही : ‘खाली डिब्बा’, ‘खाली कुर्सी’, ‘खाली कमरे’. ते माणसासही लागते. ‘आप खाली हैं?’ म्हणजे ‘आपणांस सवड आहे काय?’ अजमल खाँ रोडवर रिक्षावाल्यास ‘खाली हो?’ असे विचारतात, ते याच अर्थाने.

मराठीतील स्थलवाचक ‘खाली’साठी हिंदीत ‘नीचे’ म्हणावे. दुकानदारास ‘थैली खाली रखो’ असे सांगितल्यास, थैली रिकामी ठेवावयाची आहे, असे तो समजेल.

पूर्वी आपल्या या शब्दावर अनुस्वार देऊन तो ‘खालीं’ असा लिहीत. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द दिसावयासही एकरूप झाले. शिवाय ‘जागा खाली करा’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो अरबी शब्दच मराठीत वापरीत असतो.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. इंग्रजी जाणणारा मनुष्य स्पॅनिश शिकू लागला, की ‘एम्बाराथादा’ या विशेषणाचा अर्थ ‘ओशाळलेली’ असा करतो. वस्तुतः त्याचा अर्थ ‘गरोदर’ असा आहे.

सरावासाठी वाचकांनी पुढील वाक्ये हिंदीत करून पाहावीत : ‘डबा खाली ठेवा.’ ‘डबा रिकामा आहे.’ ‘मला आज सवड नाही.’

आजींच्या औषधाच्या डबीवर आता नातीने मोठ्या अक्षरांत ‘अनशापोटी’ असे लिहून ठेविले आहे.