दोष एकट्या कोंबडीचा?

खुडूक कोंबडीखालची अंडी वाया गेली, की पेठ-सुरगाण्यापासून नाशिकपर्यंत कोंबडीलाच बाजार दाखवला जातो. आधी तपासा. सातव्या दिवशी अंधारात अंड्यावर बॅटरी धरा. लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे फळले आहे. पुढे पिल्लू मेले तर ऊब, ओल, जंतू यांचा विचार करा. बहुतेक अंडी नितळ दिसली तर कोंबड्याकडे बघा. तो म्हातारा, लंगडा, उन्हाने बेजार तर नाही? आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा हवा. अंडीही आठवड्याच्या आतली. कारण न कळता प्रतिजैविके पाजू नयेत.

माणसांतही मूल होत नाही म्हणून दवाखान्यात एकटी सूनच आणली जाते. प्रत्यक्षात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते. वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त आहे. नवऱ्यानेही पहिल्याच भेटीत यावे.