अर्थशास्त्राचें अध्ययन कीं नमुना-उत्तरांचें पाठांतर?

सूक्ष्म अर्थशास्त्र शिकण्यांत आतां कांहीं अर्थ उरला नाहीं, मनुष्य हिशेबानें वागतो हें त्याचें गृहीतच वर्तनवादी अर्थशास्त्रानें खोटें पाडलें आहे, असें अलीकडे आमच्या सुशिक्षित मंडळींत मोठ्या ऐटीनें बोललें जातें. दुसऱ्या बाजूस आमचीं महाविद्यालयें आहेत. त्यांच्या लेखीं या शास्त्रांत अर्ध्या शतकांत जणुं कांहीं घडलेंच नाहीं. हे दोन पक्ष परस्परांचे वैरी दिसत असले, तरी विद्यार्थ्याचें नुकसान करण्यांत त्यांची चांगलीच सोयरीक आहे.

गेल्या वर्षीं आम्हीं तृतीय वर्षाच्या वर्गांत एक खेळ खेळविला. एकास शंभर रुपये द्यावयाचे. त्यानें त्यांतील कांहीं दुसऱ्यास देऊं करावे. दुसऱ्यानें घेतले तर वांटणी कायम. नाकारले तर दोघांसही कांहीं नाहीं. जर्मनींतील वेर्नर ग्यूट व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९८२ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हांपासून तो जगभर झाला आहे. क्रीडासिद्धान्ताचें, म्हणजे विद्यार्थी ज्यास ‘गेम थिअरी’ म्हणतात त्याचें, ग्रंथोक्त उत्तर असें कीं, दुसऱ्यानें एक रुपयाही घ्यावा. कारण शून्यापेक्षां तो अधिक. आमच्या वर्गांतील एका मुलीस दहा रुपये देऊं करण्यांत आले. तिनें ते तत्काळ नाकारले. कारण विचारतां म्हणाली, “सर, दहा टाकून त्याचे नव्वद बुडविले, सौदा महाग नाहीं.” वर्ग हंसला. आम्ही मात्र हंसलों नाहीं. उपयोगिता म्हणजे केवळ रुपये नव्हेत, ही जी गोष्ट आम्ही तीन व्याख्यानांत समजावूं शकलों नव्हतों, ती तिनें एका वाक्यांत सांगितली होती. हेंच वाक्य तिनें उत्तरपत्रिकेंत लिहिलें असतें, तर नमुना-उत्तराबाहेरचें म्हणून परीक्षकानें त्यापुढें शून्य मांडलें असतें!

यावरून पहिल्या पक्षानें टाळ्या पिटण्याचें कारण नाहीं. तिच्या नकाराचें नवल वाटतें, तें ग्रंथोक्त उत्तर आधीं ठाऊक असतें म्हणूनच. शिवाय प्रयोग नेहमीं सिद्धान्ताविरुद्धच साक्ष देतात, असें कोणीं सांगितलें? हार्वर्डचे एडवर्ड चेंबरलिन यांनीं विद्यार्थ्यांचा लुटुपुटीचा बाजार भरवून त्याचा वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध केला; भाव समतोलास येत नाहींत, हा त्यांचा निष्कर्ष. तेथेंच पुढें विद्यार्थी म्हणून असा खेळ खेळलेले व्हर्नन स्मिथ यांनीं १९५६ सालीं पर्ड्यू विद्यापीठांत नियम बदलून तो मांडला: जोडीजोडीनें घासाघीस न करतां प्रत्येकानें आपली बोली सर्वांसमक्ष पुकारावी. भाव थोड्याच फेऱ्यांत समतोलाजवळ स्थिरावला. विद्यार्थी सारखेच, बुद्धि तेवढीच. बदलला तो सौद्याचा नियम. स्मिथ यांस २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें वर्तनवाद्यांचे अग्रणी डॅनिएल कानेमन यांच्या जोडीनें, हें टाळ्या पिटणारांनीं ध्यानांत ठेवावें.

लासलगांवच्या आवारांत वडिलांबरोबर कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून लिलाव पाहिलेला मुलगा आमच्या वर्गांत येतो. उघड बोली आणि गुरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून ठरणारा भाव, यांतील भेद त्यास पुरता ठाऊक असतो. पण त्यास कोणी विचारीत नाहीं. फळ्यावरच्या दोन रेषा वहींत उतरवून घेण्यांतच त्याचा तास संपतो.

नव्या पंथाचें सारेंच बावनकशी आहे, असेंही नव्हे. ‘माहिती खरी आहे’ ही सही अर्जाच्या तळाऐवजीं माथ्यावर घेतल्यास लोक खोटें कमी लिहितात, असें सांगणारा २०१२ सालचा गाजलेला निबंध २०२१ सालीं मागें घ्यावा लागला. त्यांतील एका प्रयोगाचे आंकडे बनावट निघाले. मोटारी किती मैल चालल्या याचे ते आंकडे शून्यापासून पन्नास हजारांपर्यंत अगदीं सारखे पसरलेले होते! खऱ्या जगांत मोटारी अशा धांवत नाहींत, ही शंका ज्यानें संख्याशास्त्राचा कंटाळवाणा धडा गिरविला आहे त्यासच येणार. चुरचुरीत किश्श्यांवर पोसलेल्या वाचकास ती यावी कशी?

आमचें मागणें लहानसेंच आहे. प्रश्नपत्रिकेंत एक तरी प्रश्न असा असावा कीं, खेळ सांगावा, सिद्धान्ताचें उत्तर गणितानें काढावयास लावावें, प्रत्यक्ष काय घडलें तें द्यावें, आणि अंतराचें कारण विद्यार्थ्यानें आपल्या शब्दांत लिहावें. एका अभ्यासमंडळापुढें आम्हीं हें मांडलें, तेव्हां असे प्रश्न तपासणें परीक्षकांस अवघड जाईल, असें उत्तर मिळालें. जाईल खरें, उत्तरें वाचावीं लागतील.