पिनेला पाणी पाजताना

चेन कटरची पिन तुटली की आपल्या बहुतेक गॅरेजांत पुढचं ठरलेलं असतं. कटर कोपऱ्यातल्या डब्यात जातो, नाहीतर पिनेच्या जागी खिळा घालून काम रेटलं जातं. खिळा पहिल्याच कडीला वाकतो. मग हातोडा आणि पंच बाहेर येतात आणि ठोकाठोकीत शेजारच्या कडीची पट्टी वाकते. गाडी नेताना ग्राहकाला ते दिसत नाही. काही दिवसांनी चेन त्याच जागी अडखळायला लागली की दोष चेनवर जातो.

गेल्या पावसाळ्यात ही पिन माझ्याच हातून तुटली. गाडी शेजारच्या दूधवाल्याची, वार रविवार, दुकानं बंद, आणि त्याला पहाटे रतीब घालायला निघायचं होतं. तुटलेला तुकडा उजेडात धरून पाहिला. तुटलेली बाजू करडी, बारीक दाण्यांची, आणि पिन कुठेही जराही वाकलेली नव्हती. म्हणजे पोलाद कडक होतं, पण चिवट नव्हतं. चूक माझीही होती. चेनच्या पिनेचं फुगवलेलं डोकं ग्राइंडरने पट्टीच्या सपाटीला आणल्याशिवाय ती ढकलायची नसते. घाईत मी ते केलं नव्हतं. हत्यार का तुटलं हे आधी कळायला हवं, नाहीतर नवी पिनही त्याच वाटेने जाते.

बऱ्याच कटरांत ही पिन स्क्रूच्या तोंडाशी सुटी बसते, त्यामुळे ती घरी बनवता येते. ४२८ नंबरच्या चेनची पिन साडेचार मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते, म्हणून ढकलणारी पिन ४ मिलिमीटरची घ्यावी. माल मात्र सिल्व्हर स्टीलच हवा. त्यात कार्बन साधारण १ टक्का असतो, म्हणून ते पाणी धरतं. खिळ्यात कार्बन फारच कमी, त्याला कितीही तापवून बुडवलं तरी तो मऊच राहतो. पिन गरजेपुरतीच लांब कापावी. लांब पिन लवकर वाकते. टोक कानशीने अगदी काटकोनात सपाट करावं. तिरकं राहिलं तर पिन एका बाजूला सरकते आणि पुन्हा तुटते.

आता पाणी पाजायचं. हे काम सावलीत करा, उन्हात पोलादाचा लाल रंग ओळखू येत नाही. ब्लो टॉर्चने पिन तापवत जा आणि मधूनमधून लोहचुंबकाजवळ न्या. ७७० अंशांच्या सुमारास चुंबक तिला ओढेनासा होतो. त्याच्या किंचित पुढे, पिकल्या चेरीसारखा लाल रंग दिसला की पिन उभी धरून सरळ बुडवायची. आडवी टाकली तर वाकते. एवढ्या बारीक जाडीला पाण्याऐवजी तेल चालतं आणि तडा जायची भीतीही कमी होते. बाहेर काढल्यावर कानस फिरवून पाहा. ती चरत नाही, नुसती घसरते. इथेच बरेच जण थांबतात आणि फसतात, कारण या अवस्थेतली पिन काचेसारखी असते.

पॉलिश पेपरने ती चकचकीत करा आणि मागच्या टोकाकडून हलकी आच द्या. रंग पुढे सरकताना दिसतील: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा रंग टोकापर्यंत आला, म्हणजे साधारण २८० अंश झाले, की लगेच थंड करा. निळ्याच्याही पुढे गेली तर पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांवर गॉगल हवाच.

आपल्या गावांतले लोहार विळा, खुरपं, पहार शेवटताना हेच करत आले. थर्मामीटर नाही, फक्त नजर. वाहनदुरुस्तीच्या धंद्यात पाने आणि पुलर आले, पण हत्याराचं पाणी ओळखणारी ही नजर त्यांच्याबरोबर आली नाही. माझ्या मते आपल्या धंद्यातली ही फार मोठी उणीव आहे. गाडीतले बहुतेक गिअर आणि बरेच शाफ्टही पाणी पाजूनच तयार झालेले असतात. ज्याने एक पिन स्वतः पाजली, त्याला तुटलेल्या गिअरचा दातही वेगळाच दिसतो.

सगळंच घरी दुरुस्त करावं असं मात्र नाही. कटरच्या बॉडीला तडा गेला असेल किंवा सॉकेट चिरलं असेल, तर ते भंगारातच जायला हवं. वेल्डिंगच्या आचेने त्याचं मूळचं पाणी उतरतं आणि ते ऐन जोरात सुटतं. टॉर्क रेंच उघडून स्प्रिंगशी खेळू नये. ५००० वेळा वापर किंवा १२ महिने, जे आधी होईल तेव्हा तो तपासून घ्यावा, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. ते काम प्रयोगशाळेचं.

नवी पिन आधी जुन्या चेनच्या चार-पाच कड्यांवर चालवून पाहा, मगच ग्राहकाच्या गाडीला लावा. माझी दुसऱ्या प्रयत्नात जमली. पहिली निळ्याच्या पुढे गेली होती. तुमच्या डब्यात असा कटर पडून असेल तर या महिन्यात तो बाहेर काढा, आणि रंग कुठे चुकला, पिन कुठे तुटली, हे आम्हाला लिहून कळवा.