शक्तीनुसार तप, पण शक्ती किती?

साठी ओलांडलेल्या बाईची तब्येत आपल्याकडे तीन आकड्यांत संपते. साखर किती, बीपी किती आणि वजन किती. त्यातलं वजन उतरलं असेल तर कौतुकच होतं. "किती हलक्या झालात हो काकू!" म्हणून लग्नाकार्यात चार जणी विचारतात, काय केलंत म्हणून. ते वजन चरबीचं गेलं की मांडीपोटरीच्या मांसाचं, हे कोणी विचारत नाही आणि काटाही सांगत नाही. उलटही होतं. वजन दहा वर्षं जसंच्या तसं, पण आत स्नायू घटलेले आणि त्यांच्या जागी चरबी भरलेली. मी कॉमर्सची, त्यामुळे मला तो ताळेबंद दिसतो. खालची बेरीज जुळते म्हणून वरची खाती कोणी उघडून बघत नाही.

या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. ग्रीक शब्द आहे, अर्थ मांसाची कमतरता. १९८९ साली अमेरिकेतले डॉ. अर्विन रोझेनबर्ग यांनी हे नाव सुचवलं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहूनही भराभर उतरते. थोडा घसारा सगळ्यांच्याच नशिबी आहे. पण कुणाचा किती, हे बघायची रीत आपल्या घरात नाही. "आता वय झालं" म्हणून आपण ते खातं बंद करून टाकतो.

त्यात आपली माणसं फार प्रेमळ! सूनबाई हातातली बादली घेते, नातू कुकरचं झाकण उघडून देतो, जेवण टेबलावर, मंदिरात कुणीतरी लगेच खुर्ची पुढे करतं. गुडघेदुखी असलेल्यांनी खुर्चीवर बसावंच, त्यात कमीपणा काही नाही. पण गुडघे ठणठणीत असताना केवळ उठवत नाही म्हणून खुर्ची लागत असेल, तर ते कळायला हवं. पूर्वी पाटावर बसणं, जात्याशी बसणं, जमिनीवरून उठणं यात दिवसातून दहा वेळा आपोआप परीक्षा व्हायची. आता ती मुद्दाम घ्यावी लागेल. सामायिकाला खाली बसत असाल तर निदान एक परीक्षा रोज होते. ब्राझीलमध्ये डॉ. क्लॉडिओ आराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला लावलं. हात टेकला, गुडघा टेकला, की गुण कमी. ज्यांचे गुण फार कमी आले, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. त्यात तोल आणि सांध्यांची लवचीकता हेही येतं, नुसती ताकद नाही. तरी उठताना किती ठिकाणी आधार घेतला, हे लक्षात ठेवायला काय हरकत आहे?

डॉक्टर मंडळी पाच प्रश्नांची एक सोपी तपासणी वापरतात. सार्क-एफ तिचं नाव. २०१३ मध्ये अमेरिकेत ती मांडली गेली. साडेचार किलोचं वजन उचलून नेता येतं का? (आपल्यासाठी पाच किलोची आट्याची पिशवी.) खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना आधार लागतो का? खुर्चीतून किंवा पलंगावरून उठायला कष्ट पडतात का? दहा पायऱ्या चढवतात का? प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. त्रास नसेल तर शून्य, थोडा असेल तर एक, फार असेल किंवा जमतच नसेल तर दोन. पाचवा प्रश्न वर्षभरात किती वेळा पडलात हा. एकदाही नाही तर शून्य, एक ते तीन वेळा तर एक, चार किंवा जास्त वेळा तर दोन. बेरीज चार किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायचं. इथे गुण जास्त म्हणजे नापास, हे ध्यानात ठेवा. आणि सुनेनं नव्हे, स्वतः खरं उत्तर द्या. बाथरूममध्ये घसरलो ते "पडलो नाही, फक्त बसले" असं म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

या प्रश्नांची एक उणीव आहे. ज्यांची झीज बरीच पुढे गेली आहे त्यांना ते पकडतात, सुरुवातीची झीज पुष्कळदा निसटते. म्हणून बेरीज शून्य आली तरी तेवढ्यावर थांबू नका, पोटरीही मोजा. खुर्चीवर बसून, पाय जमिनीला टेकवून, जिथे पोटरी सर्वांत भरलेली आहे तिथे टेप गुंडाळायची, आवळायची नाही. आशियाई तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये दिलेली मर्यादा बायकांसाठी ३३ सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ३४ सेंटीमीटर आहे. त्याहून कमी भरली तर शंका घ्यायची. (घरातल्या आजोबांचीही मोजा, ते स्वतःहून मोजणार नाहीत.) टेप नसेल तर जपानी युक्ती आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडं करायचं आणि ते पोटरीच्या जाड भागाभोवती धरायचं. बोटं पोहोचत नसतील तर चांगलं. कडं सैल बसून मध्ये फट राहिली तर मात्र लक्ष द्यायला हवं. पायावर सूज असेल किंवा अंग फार स्थूल असेल, तर टेप आणि बोटं दोन्ही फसवतात.

मला स्वतःला सर्वांत पटलेली परीक्षा खुर्चीची. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घ्या आणि पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं असं पाच वेळा, जमेल तितक्या लवकर. कुणीतरी घड्याळ लावून शेजारी उभं राहावं, एकटीनं करू नये. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांतली ताकद कमी पडते आहे असं समजायचं. यातली कुठलीच गोष्ट म्हणजे निदान नाही. निदानासाठी हाताची पकड यंत्रावर मोजतात, चालण्याचा वेग बघतात, शरीरातले स्नायू मोजतात. पण डॉक्टरांकडे जावं की नाही, एवढं घरच्या घरी ठरवता येतं.

आता जरा नाजूक विषय. षोडशकारण भावनांत शक्तितस्तप आहे, हे आपण सगळ्या पाठ म्हणतो. शक्तीनुसार तप. मग शक्ती किती आहे हे मोजलं कुणी? पर्वात सत्तरीच्या आजी लागोपाठ उपवास करतात, सत्कार होतो, टाळ्या वाजतात, आणि पारण्यानंतर पंधरा दिवस त्या भिंत धरून चालतात, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. उपवास करू नका असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण पर्वाच्या महिनाभर आधी खुर्चीची परीक्षा घ्यावी आणि जमत नसेल तर एकाशनावर समाधान मानावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तेही शास्त्राला धरूनच आहे.

उरलेल्या दिवसांचा हिशेब तर मांडाच. म्हातारपणी किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात असं तज्ज्ञ सांगतात. ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम. आता आपलं ताट पाहा. तीन पोळ्या १०, भात ३, वाटीभर वरण ७, कपभर दूध ६, दही ४, सकाळचे पोहे ३. झाले ३३. निम्मंच! तूट भरायला आपल्याकडे अंडी नाहीत, पण बाकी पुष्कळ आहे. मुगाची किंवा चवळीची एक वाटी उसळ ७, मूठभर फुटाणे ६, दोन चमचे कमी-जास्त करत घेतलेले २५ ग्रॅम शेंगदाणे ६, ५० ग्रॅम पनीर ९. द्विदल पाळणाऱ्या घरात डाळ आणि दही एका ताटात येत नाही, तर एका वेळी डाळ, दुसऱ्या वेळी दूध-पनीर करावं. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, त्या दिवशी कडधान्य आपसूकच येतं. तोच दिवस खरा भरीचा. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांची रात्र लांब असते, तेव्हा संध्याकाळी नुसती खिचडी-पापडावर भागवू नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

नुसत्या खाण्यानं मांस चढत नाही, स्नायूंना कामही द्यावं लागतं. सकाळचं चालणं उत्तम, पण ते पुरेसं नाही. स्नायूंना वजन लागतं. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मंडळींकडून आठ आठवडे वजनांचे व्यायाम करून घेतले, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटींहून अधिक झाली. नव्वदीत! आपण साठीतच "आता काय राहिलंय" म्हणतो. खुर्चीतून उठणं-बसणं हाच व्यायाम म्हणून दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा केला तरी सुरुवात होते. नंतर हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्यायच्या. आणि आजारपणात "पडून राहा हो" हा आग्रह जरा आवरा. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर दोन्ही पायांतलं मिळून जवळजवळ एक किलो स्नायू गेले, असं २००७ सालच्या एका प्रयोगात दिसलं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर तापातून उठलेल्या आजीला घरातल्या घरात चालू द्या.

आकडे साखरेच्या वहीतच लिहा, तारीख घालून. पोटरी किती, खुर्चीला किती सेकंद. तीन महिन्यांनी पुन्हा तीच टेप, तीच खुर्ची. शिवणाच्या डब्यातली टेप जुनी झाली की ताणली जाते आणि पोटरी बारीक दाखवते, म्हणून आधी ती नातवाच्या कंपासातल्या पट्टीवर ताडून घ्या.