‘साधा फ्लू’ म्हणण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात एका परिचित कुटुंबातील मुलाचा दूरध्वनी आला. “डॉक्टर, आईला साधा फ्लू झालाय. ताप फारसा नाही. एखादी गोळी सांगता का?” आईंचे वय ७६, जोडीला जुना मधुमेह. मी पॅरासिटामॉल, विश्रांती आणि भरपूर पाणी असा नेहमीचा सल्ला दिला. तिसऱ्या दिवशी त्या असंबद्ध बोलू लागल्या. रुग्णालयात नेल्यावर कळले की इन्फ्लुएन्झामागोमाग न्यूमोनिया झाला होता. सुदैवाने त्या बऱ्या होऊन घरी आल्या. मुलाने ‘साधा’ म्हटले ते समजण्यासारखे आहे. मी ते न तपासता मान्य केले, ही चूक मात्र माझी. तेव्हापासून ‘फ्लू’ हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, म्हणजे नेमके काय होते आहे?

हा शब्द मूळचा इटलीचा. इटालियन भाषेत ‘इन्फ्लुएन्झा’ म्हणजे प्रभाव. त्याच्याही मागे लॅटिनमधील ‘आत वाहणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. आकाशातील ग्रहताऱ्यांतून एक सूक्ष्म प्रवाह माणसात उतरतो आणि त्याचे भाग्य व आरोग्य ठरवतो, अशी मध्ययुगीन युरोपची समजूत होती. एकाच वेळी गावेच्या गावे आजारी पडू लागली की त्या काळी दुसरे कारण दिसत नसे. मग दोष ताऱ्यांच्या प्रभावाकडे जाई. आरंभी हा शब्द कोणत्याही साथीला लावत. लाल तापाच्या साथीलाही इन्फ्लुएन्झाच म्हणत. ‘मलेरिया’ची कथा अशीच आहे. तोही इटालियनच शब्द, अर्थ ‘वाईट हवा’. कारण ठाऊक नसताना ठेवलेली ही नावे कारण सापडल्यावरही टिकून राहिली.

१७४३ साली इटलीत तापाची मोठी साथ पसरली. तिच्या बातम्यांबरोबर रोममधील लोकांचा हा शब्दही इंग्लंडला पोहोचला आणि तेथे तो एकाच आजाराचे नाव बनला. पुढे इंग्रजांनी त्याचे डोके-शेपूट छाटून मधला ‘फ्लू’ तेवढा ठेवला. गंमत म्हणजे इटलीत आजही इन्फ्लुएन्झा या एकाच शब्दाने ‘प्रभाव’ आणि ‘आजार’ असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात.

सगळ्या युरोपने मात्र हा शब्द सारख्याच आवडीने स्वीकारला नाही. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क येथे तो रुळला. फ्रेंचांनी मात्र ‘पकडणे’, ‘झडप घालणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून ‘ग्रिप’ हे नाव पसंत केले. तेच थोड्याफार फरकाने जर्मन, डच, स्पॅनिश, पोलिश आणि रशियन भाषांत गेले. इटालियनांनी आजाराच्या कल्पित कारणावरून नाव ठेवले, फ्रेंचांनी रोग्याला येणाऱ्या अनुभवावरून. १९१८ च्या साथीला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत, हे घरातील जुन्या मंडळींकडून काहींनी ऐकले असेल. तेही नाव रोग्याच्या अनुभवातूनच आलेले. ज्यांनी ती साथ पाहिली, त्यांना त्या आजाराला ‘साधा’ म्हणणे सुचले नसते.

मग हा ‘साधेपणा’ आला कोठून? शब्द सैल होत गेला, तेथून. जर्मन लोक सर्दी-पडशालाही ‘ग्रिपसारखा संसर्ग’ म्हणतात, त्यामुळे खऱ्या आजाराला वेगळे काढण्यासाठी त्यांना ‘खरी ग्रिप’ असे म्हणावे लागते. लॅटिन अमेरिकेच्या काही देशांत स्पॅनिशमधील हाच शब्द सरसकट सर्दीसाठी वापरतात. जुलाब-उलट्या झाल्या तर इंग्रज ‘पोटाचा फ्लू’ म्हणतो, फ्रेंच ‘आतड्यांची ग्रिप’. त्या दुखण्याचा इन्फ्लुएन्झाच्या विषाणूशी काहीही संबंध नसतो. आपणही शिंका आल्या की ‘फ्लू झाला’ म्हणतो. शब्द सौम्य झाला, आजार नाही.

नावाचा आणखी एक गोंधळ थेट लसीकरणाच्या कार्डापर्यंत पोहोचतो. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने एका जिवाणूला या आजाराचे कारण ठरवले. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी माणसातील खरा विषाणू वेगळा काढला. तोवर त्या जिवाणूच्या नावात ‘इन्फ्लुएन्झी’ कायमचे बसले होते. त्याच जिवाणूच्या ‘बी’ प्रकारावरील लस बाळांना पंचगुणी लसीतून देतात. “नातवाच्या कार्डावर इन्फ्लुएन्झा लिहिलंय, म्हणजे घरात फ्लूची लस झालीच की,” असे एका आजोबांनी मला ठामपणे सांगितले होते. ती लस वेगळी आणि फ्लूची वेगळी. शिवाय नातवाने घेतलेली लस आजोबांना पुरत नाही.

आता कामाचे. सर्दी हळूहळू चढते, नाकाभोवती घोटाळते आणि माणूस हिंडता-फिरता राहतो. इन्फ्लुएन्झा बहुधा अचानक येतो: थंडी वाजून ताप, ठणकणारे अंग, कोरडा खोकला आणि अंथरुणाला खिळवणारा थकवा. मात्र साठी-सत्तरीनंतर हे चित्र फसवे असते. ताप नाममात्र असतो किंवा नसतोही. जेवणावरची वासना उडणे, गुंगी, गोंधळलेले बोलणे, तोल जाऊन पडणे, एवढीच खूण असू शकते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, लघवी कमी होणे, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा चढणे, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये.

विषाणूविरोधी औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. म्हणून ‘बघू दोन दिवस’ हे ज्येष्ठांच्या बाबतीत महागात पडते. घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी विषाणूवर चालत नाही. लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि लसीचे संरक्षणही ओसरते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात डोके वर काढतो. लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून पावसापूर्वीचे दिवस सोयीचे. आपल्याकडे ज्येष्ठांना देतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखणे किंवा एखाद्या दिवसाची कसर एवढेच होते. ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनीही ती घ्यावी.

आणि डॉक्टरांना दूरध्वनी कराल तेव्हा आजाराचे नाव सांगू नका, अवस्था सांगा. त्रास केव्हा सुरू झाला, काल जेवल्या का, कालच्यासारख्या बोलतात का, उठून न्हाणीघरापर्यंत जातात का, श्वास कसा चालला आहे. नाव शोधण्याचे काम आमच्यावर सोपवा. त्या दिवशी मी एवढे पाच प्रश्न विचारले असते, तर त्या माउलींचे तीन दिवस वाया गेले नसते.