वेतन घेणारे विद्यार्थी

उमेदवारी ही आपल्याकडे वकिलाच्या हाताखाली, छापखान्यात किंवा फार तर एखाद्या पेढीवर करावयाची गोष्ट मानली जाते. विज्ञानाच्या संग्रहालयात सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी उमेदवारी करावी, आणि तिच्याबद्दल त्यांना रीतसर मेहनताना मिळावा, ही कल्पना पुष्कळांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. तथापि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी, १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या ‘पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स’ या वास्तूत, फ्रँक ओपेनहायमर या पदार्थवैज्ञानिकांनी १९६९ साली ‘एक्सप्लोरेटोरियम’ नावाचे जे संग्रहालय उघडले, तेथे हा शिरस्ता अगदी आरंभापासून चालत आलेला आहे. या मुलांना तेथे ‘एक्सप्लेनर’ म्हणतात, म्हणजे समजावून देणारे. आणि नारिंगी जाकिटावरून ती गर्दीत ओळखू येतात.

हे ओपेनहायमर म्हणजे अणुबॉम्बच्या निर्मितीत अग्रणी असलेल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधू. स्वतः त्यांनीही त्या कामात भाग घेतला होता. परंतु पूर्वायुष्यातील कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदत्वाची चौकशी निघाली आणि १९४९ साली त्यांना मिनेसोटा विद्यापीठातील नोकरी सोडावी लागली. पुढे विद्यापीठांची दारे बंद झाल्यामुळे त्यांनी कोलोरॅडोच्या डोंगराळ मुलखात गुरे पाळली, आणि काही वर्षांनी तेथल्याच एका गावच्या शाळेत विज्ञान शिकविले. सरकारी अवकृपेतून शिक्षणशास्त्राचा इतका लाभ झाल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी आठवत नाही. १९६५ साली ते युरोपात गेले असता पॅरिसच्या ‘पाले द ला देकुव्हेर्त’ या १९३७ सालच्या विज्ञानमंदिरात विद्यार्थीच प्रेक्षकांसमोर प्रयोग करून दाखवितात हे त्यांच्या दृष्टीस पडले, आणि खेड्यातील वर्गात जे अनुभविले होते त्यास तेथे जणू दाखला मिळाला.

या मुलांची निवड गुणपत्रिका पाहून होत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. विज्ञानात ज्यांची गती बेताची आहे, ज्यांच्या घरी इंग्रजीखेरीज निराळीच भाषा बोलली जाते, अशीही मुले हेतुपुरस्सर घेतली जातात. कारण ज्याला एखादी गोष्ट कालपरवापर्यंत कळलेली नव्हती त्यालाच ती न कळण्याचे नेमके स्थान ठाऊक असते, आणि जन्मजात पंडिताला ते सहसा ठाऊक नसते. शिक्षण देताना पाठांतर करून भाषण ठोकण्यास त्यांना उत्तेजन मिळत नाही. प्रेक्षक उपकरणापाशी घोटाळला असता त्याला उत्तर न सांगता प्रश्न कसा विचारावा, आणि स्वतःला उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण करून पाहू’ हे वाक्य शरमेचा लवलेशही न ठेवता कसे उच्चारावे, हा त्या उमेदवारीचा मुख्य पाठ होय. आमच्या किती प्राध्यापकांना हे वाक्य साधेल, याची चर्चा येथे न केलेली बरी.

या शिक्षणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गाईच्या डोळ्याचे विच्छेदन. कत्तलखान्यातून आणलेला डोळा हातात घ्यावयाचा, म्हणजे आपल्याकडील कित्येक वाचकांच्या अंगावर शहारे येतील. तेथील मुलांच्याही पहिल्या दिवशी येतात. प्रथम भोवतीची चरबी व स्नायू कापून दूर करावयाचे, मग पुढील पारपटलाला छेद द्यावयाचा, की आतील पाण्यासारखा द्रव बाहेर येतो. त्यानंतर श्वेतपटल भोवताली कापून डोळ्याचे दोन भाग केले, की घट्ट व पारदर्शक असा काचाभ द्रव आणि त्याच्याबरोबर भिंग हाती लागते. हे भिंग वर्तमानपत्रावर ठेवले तर खालची अक्षरे मोठी दिसतात, आणि येथवर नाक दाबून दूर उभी राहिलेली पोरेही नकळत पुढे सरकतात. मागील भिंतीवर दृष्टिपटलाचा अतितलम पापुद्रा असतो. तो चिमटीत धरून ओढला असता सर्वत्र सुटतो, फक्त एका ठिकाणी चिकटून राहतो, आणि ते ठिकाण म्हणजे जेथून दृष्टीची नाडी मेंदूकडे जाते तो अंधबिंदू. पापुद्र्याखाली निळसर-हिरवा झळाळता थर दिसतो. तो गाईला असतो, माणसाला नसतो, आणि रात्री जनावरांचे डोळे चमकतात ते त्याच्यामुळे. हे सर्व रोज नव्या घोळक्यासमोर, पाच वर्षांच्या बालकापासून निवृत्त डॉक्टरापर्यंत प्रत्येकाच्या प्रश्नांना तोंड देत ज्या मुलीने उन्हाळाभर केले, तिला परीक्षेत त्याच डोळ्याची आकृती काढताना किती गुण मिळाले, ही गोष्ट माझ्या लेखी गौण आहे.

या उपक्रमातून पूर्वी गेलेल्या मुलांची पाहणी करून ज्युडी डायमंड व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली ‘सायन्स एज्युकेशन’ या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातही विज्ञानाच्या गोडीच्या जोडीने, आपण स्वतःच्या बळावर शिकू शकतो हा विश्वास आणि अपरिचितांशी बोलण्याचे सामर्थ्य यांची नोंद आहे. एवढे जर पदरात पडत असेल, तर किती मुले पुढे वैज्ञानिक झाली हा हिशेब मागण्याचे कारण उरत नाही.

आता पैशाचा प्रश्न. १९९१ साली अमेरिकेतील विज्ञानकेंद्रांच्या संघाने ‘यूथ अलाइव्ह’ नावाची योजना काढून, एका दानशूर निधीच्या साहाय्याने, देशभरच्या संग्रहालयांत किशोरांना असे काम देण्यास चालना दिली. परंतु निधीतून येणारी रक्कम ही मुदतीची असते, आणि मुदतीच्या रकमेवर उभारलेली उमेदवारी मुदतीबरोबरच डळमळू लागते. दुसरा मार्ग स्वयंसेवेचा. कॅलिफोर्नियातच, मासे डबाबंद करण्याच्या एका जुन्या कारखान्याच्या जागी १९८४ साली उघडलेल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयात किशोर स्वयंसेवक उथळ हौदांपाशी उभे राहून तारामाशाला हलक्या हाताने कसे स्पर्शावे, त्याला पाण्याबाहेर का काढू नये, हे लोकांना सांगतात. त्यांची निष्ठा किंवा त्यांचे शिक्षण यांत उणे काढण्याचे मला कारण नाही. माझा आक्षेप आहे तो विनावेतन या शब्दाला. सुटीत दुकानात उभे राहून घरखर्चास हातभार लावणारे पोर अशा हौदापाशी कधी येणार नाही, आणि ज्याच्या आईबापांना त्याच्या मिळकतीची फिकीर नाही तोच तेथे येत राहील. सेवाभावाच्या गोंडस नावाखाली दार अशा रीतीने अर्धे लोटून घेतले जाते. मेहनताना दिला म्हणजे मुलाला वेळेवर हजर राहण्याची, चूक झाल्यास जाब देण्याची आणि आपल्या कामाला किंमत आहे असे मानण्याची सवय लागते, हा लाभ वेगळाच.

मुंबईत वरळीला १९८५ पासून नेहरू विज्ञान केंद्र उभे आहे. हाताळून पाहावयाची उपकरणे तेथेही आहेत, आणि महापालिकेच्या शाळांतून बाहेर पडलेली अकरावी-बारावीची मुले तर या शहरात हजारोंनी आहेत. केंद्राच्या चालकांनी येत्या अंदाजपत्रकात अशा निवडक मुलांसाठी, गुणांची अट न घालता, सुटीतील उमेदवारीची व तिच्या वेतनाची कायम तरतूद करावी. आणि त्यांना रांगा लावण्याच्या कामी न जुंपता उपकरणांपाशीच उभे करावे, एवढी माझी विनंती आहे.