खडेमुक्त मातीचा हट्ट

मे महिना निम्मा सरला की शहरातल्या माळी-कंत्राटदारांचे फोन एकाच विषयावर येऊ लागतात. सातारा परिसर असो, हर्सूल असो की मिटमिटा, बंगला उभा राहिलेला असतो, पावसाच्या आत लॉन हवे असते आणि टिकाव दोन इंच जाताच खणकन वाजतो. मालक म्हणतो, ‘सगळे दगड काढा.’ आपण मान डोलावतो, चौरस फुटाचा दर सांगतो आणि कामाला माणसे लावतो. यंदा तो दर सांगण्याआधी एक खड्डा खणून बघा, आणि ‘सगळे’ हा शब्द करारात येऊ देऊ नका, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मलिक अंबरने 1610 मध्ये जिथे आपले शहर वसवले, त्या गावाचे नाव खडकी होते. नाव ठेवणाऱ्याने काही लपवले नव्हते. इथे खाली बेसाल्टचा कातळ, त्यावर मुरूम आणि त्यावर कुठे वीतभर, कुठे पुरुषभर माती. ओढ्याकाठी काळी आणि भारी, टेकडीच्या पायथ्याला बरड. बेसाल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि मधला गोटा तसाच शिल्लक राहतो. मुरमात सापडणारे वाटोळे गोटे कोणी बाहेरून आणून टाकलेले नसतात, त्यांच्याच पापुद्र्यांची ही माती झालेली असते. (या शहरात दगडावर लिहायचे आणि वेरूळचा दाखला द्यायचा नाही, हे अवघड आहे. पण त्या मंडळींना तिथे लॉन लावायचे नव्हते.)

चूक आधी माझी सांगतो. धंद्यात नवा असताना तीन गुंठ्यांच्या एका बागेचे काम घेतले होते. मालकाला माती ‘पिठासारखी’ हवी होती. गवंडी वाळू चाळायला लावतात तशी तिरकी चाळणी उभी केली, आधी अर्ध्या इंचाची, मग त्याहून बारीक, आणि नऊ इंच खोलीची सगळी माती दोनदा चाळून घेतली. दिसायला देखणी झाली. पहिल्या जोरदार पावसात तिच्यावर जी खपली धरली, ती हरळीलाही फोडता येईना. वारंवार चाळल्याने मातीचे रवे मोडतात, आणि रवे मोडलेल्या मातीत पाणी मुरायला वाट राहत नाही, हे तेव्हा कळले. दुसऱ्या उन्हाळ्यात वाफ्यात पुन्हा दगड दिसू लागले. मालकाला वाटले, मी फसवले. पैसे अडकले ते अडकलेच.

दगड पुन्हा का आले? थंड मुलखात जमीन गोठते आणि फुगणारा बर्फ दगडांना वर लोटतो. आपल्याकडे ते काम काळी माती करते. ती उन्हाळ्यात भेगाळते, वरची बारीक माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात चिकणमाती फुगते आणि जागा अपुरी पडली की आतला ऐवज वर सरकतो. बारीक माती खाली जाते, दगड वर येतो. शिवाय उताराच्या जागी पाऊस वरची माती धुऊन नेतो आणि दगड जागच्या जागी उघडे पडतात. शेतकरी ‘दगड उगवतात’ असे चेष्टेने म्हणतो, त्यात तथ्य आहे. तेव्हा दगड वेचणे हे एकदाच करायचे काम नाही. ते खुरपणीसारखे आहे, देखभालीच्या दरात धरायला हवे.

आता हिशेब. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. नऊ इंच खोलीपर्यंत साधारण 817 घनफूट माती. त्यात पाचवा हिस्सा दगड असेल, तर 163 घनफूट भरीव दगड, वजनाने बारा-तेरा टन. ढीग केल्यावर पोकळ्या धरून तो अडीच ब्रासच्या पुढे जातो. वाफा जवळजवळ दोन इंच खाली बसतो आणि ती तूट भरायला बाहेरची माती आणावी लागते. वेचणीची हजेरी, दगडाची वाहतूक, मातीची खरेदी असे तीन खर्च. आपण दर सांगताना बहुधा पहिलाच धरतो.

दगडाचा हिस्सा डोळ्यांनी ठरवू नका, डोळा नेहमी जास्त सांगतो. फूटभर लांब, फूटभर रुंद, नऊ इंच खोल असा खड्डा घ्या. त्यातून निघालेले दगड धुऊन, काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडा आणि सांडलेले पाणी मोजा. खड्ड्याचे आकारमान सुमारे 21 लिटर आहे, म्हणजे चार लिटर पाणी सांडले तर दगड पाचवा हिस्सा. एका प्लॉटवर असे तीन खड्डे पुरतात. अर्धा दिवस जातो, पण भांडण वाचते.

माती परीक्षणाचा अहवाल वाचतानाही हा आकडा हाताशी हवा. प्रयोगशाळेत नमुना दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात आणि त्याहून मोठे सगळे बाजूला टाकतात. अहवाल फक्त बारीक मातीचा असतो. ज्या वाफ्यात तिसरा हिस्सा दगड आहे, तिथे तेवढ्याच खोलीत माती एक तृतीयांश कमी, म्हणून अन्नद्रव्येही कमी आणि ओलही कमी. अहवाल ‘भरपूर’ म्हणतो आणि झाड उपाशी राहते. अशा जागी खत थोडे थोडे, पाणीही थोडे थोडे पण लवकर लवकर द्यावे लागते.

मग काढायचे काय? लॉन असेल तर वरच्या सहा इंचांतले लिंबाएवढे आणि त्याहून मोठे, कारण मशीनचे पाते तुटते आणि दगडावरचे गवत उन्हात करपते. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात त्याहून बारीकही, नाहीतर मुळे फाटतात. फुलझुडपांच्या वाफ्यात मुठीएवढे दगड खुशाल राहू द्यावेत. बांधकामाचा राडारोडा मात्र कणभरही ठेवू नये. सिमेंटचे गोळे आणि प्लास्टरचे तुकडे माती अल्कधर्मी करतात. विटेचा तुकडा तेवढा निरुपद्रवी.

पांढऱ्या खड्यांकडे वेगळे लक्ष द्या. खड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, फसफसले तर ती चुनखडी. खडे वेचून ती संपत नाही, कारण चुना बारीक मातीतही भिनलेला असतो. अशा जागी मोसंबीची नवी पाने पिवळी पडणार, शिरा तेवढ्या हिरव्या राहणार, कारण लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. तिथे दगड वेचण्याचे पैसे घेणे म्हणजे ग्राहकाला भूल देणे. झाडच दुसरे सुचवा. दौलताबादच्या डोंगरउतारांवर सीताफळ ज्या खडकात तग धरते, तिथे कोणी चाळणी नेली नव्हती.

कातळात सुरुंगाने किंवा ब्रेकरने खड्डा करून आंबा लावणाऱ्यांना एक सूचना. तो खड्डा नव्हे, कुंडी होते. पाणी बाहेर जायला फट नसेल तर पावसाळ्यात मुळे कुजतात. तळाशी खडी टाकली की निचरा होतो, हा आपल्या धंद्यातला जुना गैरसमज आहे. वरची माती पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही, उलट मुळांना मिळणारी मातीच कमी होते. खणलेल्या खड्ड्यात आधी पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी ते तसेच असेल तर उताराच्या बाजूने चर काढा, नाहीतर जागा बदला.

काढलेला दगड ट्रॉलीत घालून गावाबाहेर नाल्यात ओतणे मला पटत नाही. मातीवर सैल पसरलेला दगड पावसाचा मार झेलतो, बाष्पीभवन रोखतो आणि पाणी मुरवतो. तोच अर्धा रुतून भोवती खपली धरली, की पाणी वाहून नेतो. म्हणून आळ्याभोवती खोडापासून वीतभर अंतर सोडून दगड पसरा, उताराला आडवी ताल रचा, पायवाट करा. मालकाला आधी नको वाटते, एका उन्हाळ्यानंतर पटते.

वेचणीची वेळ वळवानंतरची. कोरड्या काळ्या मातीत ढेकूळ कोणते आणि दगड कोणता, हे मजुराला कळत नाही. दोन्ही सारखेच कठीण. एक सर पडली की ढेकळे विरघळतात आणि दगड धुतल्यासारखे वर दिसतात. मग वाफसा आला की दोन दिवसांत काम उरकते, चाळणी लागतच नाही.

यंदाच्या प्रत्येक करारात दोनच आकडे लिहा: किती इंच खोल आणि केवढ्या आकाराच्या वरचे दगड. तिसऱ्या ओळीत पुढच्या दोन उन्हाळ्यांच्या वेचणीचा दर टाका. आणि तुमच्या भागातल्या खड्ड्यांत चार लिटर सांडले की आठ, ते प्लॉटच्या वस्तीचे नाव घालून आम्हाला कळवा. दिवाळीच्या अंकात त्यांचा तक्ता छापू.